धारेकडे तोंड

सर बसलेल्या माणसाशी बोलत नसत. समोरचा बसलेला दिसला की आधी "उठ" म्हणायचे, आणि तो उठला की मग काय विचारायचं ते विचारायचे. माणूस वयाने मोठा असला तर "उठा" म्हणायचे, मान द्यायचा तो एवढाच. एकदा एक सरकारी साहेब आमची मत्स्यशेती बघायला आले. जाडजूड गृहस्थ, उन्हातून आलेले. आल्या आल्या त्यांनी विचारलं, खुर्ची आहे का. सर म्हणाले, "हाये ना. पण तिच्यावर मोटर ठेवेल हाये." ती मोटर कधीची जळलेली होती, आणि साहेबांची जीप फाटकातून आत शिरत असताना सरांनी स्वतः ती उचलून खुर्चीवर ठेवलेली मी पाहिली होती. साहेबांनी पाहणी उभ्यानेच केली आणि फार लवकर उरकली.

नेरच्या शाळेत ते आम्हाला पीटीला होते. बाकीचे मास्तर शिक्षा म्हणून बाकावर उभं करायचे. सरांच्या तासाला शिक्षा म्हणजे बसणं. ज्याचं चुकेल त्याने मैदानाच्या कडेला मांडी घालायची आणि बाकीचे पळताना बघायचे. पहिल्यांदा आम्हाला वाटलं, वा, काय शिक्षा आहे! पण सर त्या बसलेल्याकडे असं काही बघायचे की वर्गातली सगळ्यात आळशी पोरगीसुद्धा "सर, मी पळते" म्हणून मागे लागायची. मी तांड्यावरून शाळेपर्यंत सायकल मारत यायचे, त्यामुळे माझे पाय तयारच होते. आठशे मीटरला मी जिल्ह्यात दुसरी आले तेव्हा सर माझ्या याडीला, म्हणजे आईला, म्हणाले, "पोरगी चांगली हाये, फक्त पळून झाल्यावर खाली बसते." याडीला वाटलं पोरीला काही आजार झाला. तिने घरी येऊन माझी दृष्ट काढली.

एसटीत ते उभ्याने प्रवास करायचे. गाडी रिकामी असली तरी. कंडक्टर म्हणायचा, "काका, बसा ना, अख्खी गाडी खाली हाये." सर म्हणायचे, "मंग तुले काय अडचण होऊन राह्यली? मी तुह्या डोक्यावर उभा हाव का?" लग्नाच्या पंगतीत ताट हातात घेऊन फेऱ्या मारत जेवायचे आणि वाढपी वरणाची बादली घेऊन त्यांच्या मागे मागे फिरायचे. बुफे आला तेव्हा एवढे खूश झाले की म्हणाले, शहरातल्या लोकांना आयुष्यात एक गोष्ट सुचली. झोपण्याला त्यांची हरकत नव्हती. "झोप म्हणजे शरीराचं काम असते. बसणं म्हणजे ना धड झोप, ना धड काम." एका ठिकाणी तरी ते रोज सकाळी बसत असावेत, पण त्याला साक्षीदार नाही.

कोणी सांगायचं, सरांचे वडील ऐन उमेदीत अंग लुळं पडून ओट्यावर बसले ते शेवटपर्यंत बसूनच राहिले, आणि सरांचं लहानपण ते बघण्यात गेलं. असेल. प्रत्येकाच्या वागण्याला काही ना काही कारण असतंच. पण कारण सरांचं होतं आणि पाय त्यांच्या बायकोचे, आमच्या काकूंचे.

हे किस्से सांगितले की लोक पोट धरून हसतात. मीही आधी हसायचे. आता नाही हसू येत, कारण त्या घरात सरांच्या बरोबर एक बाई राहत होती, आणि ती कुठे बसत होती हे कोणी विचारलं नाही.

रिटायर झाल्यावर सरांनी यवतमाळच्या बाहेर, लोहाऱ्याच्या कारखान्यांच्या मागच्या अंगाला असलेल्या आपल्या जमिनीत मासे पाळायचं काढलं. लोखंडी जाळीला आतून ताडपत्री लावलेल्या गोल टाक्या, शेजारी विहीर आणि बोअर. मी झूलॉजी घेऊन बीएस्सी झाले होते आणि घरी बसले होते, म्हणजे सरांच्या भाषेत कुजत होते. ते आमच्या तांड्यावर आले, मला दारातच उभं केलं आणि विचारलं, "अजून पळता येते का?" मी म्हटलं, येतं. "पळून दाखव." मी सलवार-कमीज घातलेली, वाटेत बकऱ्या, सगळा तांडा बघतोय, आणि मी चपला काढून पिंपळापर्यंत पळून आले. "उद्यापासून ये," सर म्हणाले. माशांबद्दल त्यांनी मला एक अक्षर विचारलं नाही.

पहिली चिलापी मासळी आली ती बोटभर लांबीची, खेळकर. महिन्याभरात एकमेकांच्या जिवावर उठली. चिलापी तशी मुळातच भांडखोर जात. त्यातला एखादा धटिंगण नर पाइपाजवळची जागा धरतो, आणि कोणी जवळ आलं की चावतो. रोज सकाळी शेपट्या कुरतडलेले, पर फाटलेले मासे वर तरंगताना दिसायचे. मी पुस्तकातले उपाय सांगितले. गर्दी कमी करा, आडोसे टाका, मिठाचं पाणी द्या. सरांनी ऐकून घेतलं आणि टाकीच्या कडेला उभे राहिले. सकाळचे संध्याकाळपर्यंत उभे. दुसऱ्या दिवशीही तेच. मग म्हणाले, "हे पोट्टे रिकामे हायेत. म्हणून भांडून राह्यले."

तेव्हा टाकीत पाणी वरून सरळ पडायचं. सरांनी पाइपाला वळण लावून त्याचं तोंड टाकीच्या भिंतीलगत तिरपं केलं आणि मोटर सुरू केली. पाणी आधी थोडं डळमळलं, मग सगळं मिळून गोल फिरायला लागलं. आणि मासे वळले. इकडेतिकडे विखुरलेले, एकमेकांना हुंगणारे, हाकलणारे, सगळे वळले आणि धारेकडे तोंड करून ओळीने पोहायला लागले. पाणी जेवढं मागे ढकलत होतं तेवढंच ते पुढे जात होते, त्यामुळे जागचे हलत नव्हते. तो धटिंगणही इतरांच्या रांगेत मुकाट्याने शेपूट हलवत होता. दादागिरी करायला आपला म्हणून एक कोपरा लागतो, आणि फिरत्या पाण्यात कोपरा कोणाचाच नसतो.

फार सुंदर दिसत होतं ते, खोटं कशाला बोलू. सरांनी गळ्यातली शिट्टी तोंडाला लावून जोरात फुंकली, सत्तरीला आलेला माणूस. थोड्याच दिवसांत शेपट्या भरून आल्या. दाणे प्रवाहाबरोबर सगळीकडे फिरायचे म्हणून सगळ्यांना सारखं खायला मिळायला लागलं. मासे एकसारखे वाढले, अंगाने घट्ट झाले. पाण्यातली घाण आपोआप मधोमध गोळा होऊन खालच्या नळीने निघून जायची. लोक बघायला यायचे. पेपरात फोटो आला, त्यातही सर उभेच.

सर बरोबर निघाले, हेच वाईट झालं. चुकले असते तर जगभरातल्या आणखी एका विक्षिप्त म्हाताऱ्याची कल्पना म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं असतं. पण बरोबर निघालेल्या माणसाला थांबवायचं कोणी? त्यांना आता शास्त्र सापडलं होतं. कामगारांची आपसात कुरबुर झाली की म्हणायचे, "धार कमी पडून राह्यली यायले," आणि दोघांनाही खाद्याची पोती या खोलीतून त्या खोलीत हलवायला लावायचे. पोती हलवून दमलेले दोघे एकत्र बिडी ओढत सरांना शिव्या घालायचे आणि त्यांचं भांडण मिटायचं. म्हणजे इथेही सर बरोबरच. पुण्यात कॉम्प्युटरवर काम करणारा त्यांचा मुलगा, त्याच्याबद्दल ते म्हणायचे, "बसून कमावते, बसून खाते." तो दिवाळीला यायचा आणि सासुरवाडीला उतरायचा. तिथे सोफा होता.

जो मासा दमतो त्याला रांगेत टिकता येत नाही. तो हळूहळू मागे सरकत टाकीच्या मध्यावर येतो, जिथे पाण्याला जोर नसतो, आणि तिथे घाणीत गोल गोल फिरत राहतो. सर हातजाळी घेऊन त्याला अलगद उचलायचे. "मधात आला तो गेला," म्हणायचे. त्याला दुसऱ्या टाकीत, शांत पाण्यात ठेवून बघू, असं मी एकदा सुचवलं. सरांनी माझ्याकडे मैदानाच्या कडेला बसवलेल्या पोरीकडे बघावं तसं बघितलं.

काकूंना सर कधी वाकडा शब्द बोलले नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. हात उगारणं तर लांबच. दारू नाही, पत्ते नाहीत, परक्या बाईकडे बघणं नाही. बायका म्हणायच्या, नशीब काढलं बाईनं. सर फक्त काकू बसलेल्या दिसल्या की समोर येऊन उभे राहायचे. बोलायचे काही नाहीत, हसरा चेहरा करून उभे. तो उभा माणूस समोर असला की बसणाऱ्यालाच लाज वाटायची, आणि काकू उठायच्या. घरात खुर्ची नव्हती, पाट नव्हता. एक पलंग होता, त्यावर दिवसा गाद्यांची वळकटी रचून ठेवलेली असायची, म्हणजे टेकायचीसुद्धा सोय नाही. काकू पहाटे उठून झाडलोट, स्वयंपाक करायच्या, डबा घेऊन शेतावर चालत यायच्या, आणि दुपार कलली की टाकीपाशी सरांना चहा द्यायच्या. सर चहा काकूंच्याच हातचा घ्यायचे. प्रेमच ते, असं सगळे म्हणायचे. सर टाकीकडे बघत चहा प्यायचे आणि काकू शेजारी रिकामा कप घ्यायला हात पुढे करून उभ्या राहायच्या. त्या दोघांचं सगळं लग्न मला त्या एका उभं राहण्यात दिसतं.

आमची दोघींची एक जागा होती. खाद्याच्या खोलीत पोत्यांच्या थप्पीमागे मी एक पोतं आडवं टाकून ठेवलं होतं. काकू "पोती मोजून येतो" म्हणून आत शिरायच्या आणि त्या पोत्यावर अंग सोडायच्या. मी दारात उभी राहून राखण करायचे. सरांची शिट्टी जवळ आली की मी खाकरायचे.

"मी बसली नाही हं पोरी," काकू म्हणायच्या. "टेकली फक्त."

"बसा हो काकू नीट. कोणी बघत नाही."

"सवय बिघडते बाई. मंग उठवत नाही."

त्यांच्या पायांकडे बघवत नसे. घोटे सुजून पोटरीत मिसळून गेलेले, निळ्या शिरा दोरीसारख्या वर आलेल्या. जोडवी बोटांत इतकी रुतली की शेवटी सोनाराकडून कापून घ्यावी लागली. सर म्हणाले, "चालणं कमी झालं तिचं." मी मागे लागून लागून त्यांना डॉक्टरकडे न्यायला लावलं. डॉक्टरांनी साफ सांगितलं, यांना बसू द्या, पाय उशीवर वर ठेवू द्या, नाहीतर अवघड होईल. बाहेर पडल्यावर सर मला म्हणाले, "तो सोताच दिवसभर बसेल हाये. तो दुसरं काय सांगीन?" काकू हसल्या. मला त्या हसण्याचा फार राग आला. अजून येतो.

मग तो मे महिना आला. आमच्याकडचा मे ज्याने काढला आहे त्याला सांगायची गरज नाही. लोखंडी जाळीला हात लावला तर फोड यायचा. टाक्यांतलं पाणी कोमट झालं, मासे मंदावले, दाण्यांकडे तोंड फिरवायला लागले. सर म्हणाले, "सुस्ती चढली. दुसरी मोटर लाव."

मी म्हटलं, "सर, उलट धार कमी करा. गरम पाण्यात हवा कमी राहते. त्यात जास्त पोहायला लावलं तर त्यांना जास्त हवा लागेल. ती आणायची कुठून?"

"तू आठशे मीटर उन्हात पळाली तवा हवा कोठून आणली होती?"

"मी पळून झाल्यावर खाली बसले होते, सर."

हे मी बोलले, आणि बोलले याचं मला आजही बरं वाटतं. सरांनी स्वतः जाऊन दुसरी मोटर लावली. पाणी सणसणून फिरायला लागलं. आणि मासे लगेच रांगेत आले, काय ती रांग! सर माझ्याकडे बघून म्हणाले, "पाह्य. कोठी दमले? दमला तो असा पोहते का?"

माशाचं हेच दुर्दैव आहे. दमलेला मासा बाहेरून दमलेला दिसत नाही. धार आहे तोवर तो पोहतानाच दिसतो, तोंड समोर, शेपूट हलती, ताठ. दिसतो तेव्हा एकदमच दिसतो. दुपारी मधल्या भोवऱ्यात आधी एकदोन पांढरी पोटं दिसली, मग बघता बघता तिथे पांढरा थर झाला. मी धावत जाऊन मोटरी बंद केल्या तोपर्यंत टाकीतले निम्म्याहून अधिक मासे गेले होते. सर कडेला उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख होतं का? थोडं असेल. पण तोंडाने म्हणाले, "लेचेपेचे होते ते गेले. आता राह्यले ते पक्के."

ते मेलेले मासे आम्ही संध्याकाळपर्यंत उपसले. कामगार, मी आणि काकू. काकू भर उन्हात पदर डोक्यावर घेऊन टोपलीमागून टोपली भरत होत्या. मग एकाएकी थांबल्या. मी एक मोटर हळू धारेवर पुन्हा लावली होती, आणि उरलेले मासे पुन्हा वळून रांगेत लागले होते. काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"पोरी, हे सोडून काहून देत नाहीत? पाणी फिरते तं फिरू द्यावं. पाण्यासंगं जावं. यायले कोणं सांगतलं समोर तोंड करून झगडाले?"

मी म्हटलं, "त्यांच्या हातात नसतं काकू. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंनी एक रेघ असते. तिला पाण्याचा जोर कळतो, आणि जोर कळला की तोंड आपोआप तिकडे वळतं."

"म्हणजे हौसेनं नाही पोहत?"

"नाही."

"आनंदानं बी नाही?"

"नाही हो. धार आहे म्हणून पोहतात."

"असं हाये होय," काकू म्हणाल्या आणि टोपली उचलून चालू लागल्या.

दोनच दिवसांनी त्या पांढरकवड्याला निघून गेल्या. तिथे त्यांची धाकटी बहीण राहायची, हायवेच्या मागच्या गल्लीत, विधवा, एकटी. सकाळच्या गाडीने गेल्या, डबा करून ठेवून गेल्या. जाताना शेतावर आल्या आणि मला एवढंच म्हणाल्या, "मी बसाले चालली." मला इतका आनंद झाला की मी त्यांना मिठी मारली. आयुष्यात एवढं शहाणं वाक्य मी फार कमी माणसांच्या तोंडून ऐकलं आहे.

सर सगळ्यांना सांगायचे, मेहुणीची तब्येत बरी नाही. चहा स्वतः करून घ्यायचे, शेतावर चूल मांडून, उभ्याने वाकून. तो चहा मी एकदा प्यायले होते, टाकीतलं पाणी बरं. दुपार कलली की फाटकाकडे बघायचे. मला वाटायचं, बघा. आता बघा तुम्ही. कोणाचं वाईट चिंतू नये म्हणतात, पण त्या दिवसांत मी सरांचं मनापासून वाईट चिंतलं.

महिना उलटून गेला तेव्हा एका दुपारी म्हणाले, "गाडी काढ. पांढरकवड्याले जायचं हाये."

शेतावर मासळी न्यायची एक पिकअप होती, ती मीच चालवायचे. सरांना चालवता येत नव्हती, कारण गाडी बसून चालवावी लागते. ते मागे हौद्यात चढले, केबिनच्या मागचा दांडा धरला आणि उभे राहिले. लोहाऱ्यापासून पांढरकवड्यापर्यंत सत्तरीचा माणूस भर उन्हात उभा. वाटेत जोडमोह्याला लोकांना वाटलं कोणी पुढारी प्रचाराला निघाला आहे. एकाने तर नमस्कारही केला, आणि सरांनी तो घेतला.

बहिणीचं घर छोटं, पुढे पडवी. पडवीत एक प्लास्टिकची खुर्ची, तिच्यावर उशी, समोर पाय ठेवायला एक डबा, आणि खुर्चीत काकू. बसलेल्या! मी त्यांना असं निवांत बसलेलं कधी पाहिलंच नव्हतं. पाठ टेकलेली, हात मांडीवर. पायाची सूज उतरली होती, घोटे दिसत होते. बाई किती देखणी होती हे मला तेव्हा कळलं.

सर अंगणात उभे राहिले. बहीण बाहेर येऊन म्हणाली, "भाऊजी, या ना, बसा."

"मी ठीक हाव."

काकू उठल्या नाहीत. सरांकडे सरळ बघून म्हणाल्या, "मी येत नाही. मी अठीच राहीन. बसून राहीन."

मला तिथे नाचावंसं वाटलं. पाणी आणायच्या निमित्ताने मी बहिणीच्या मागे आत गेले आणि म्हटलं, "मावशी, तुम्ही पुण्य केलं." ती हळू आवाजात म्हणाली, "काय पुण्य बाई. पह्यले आठ-दहा दिवस मस्त बसली. सगळ्या गल्लीले सांगे, मी बसाले आली म्हणून. मंग सुरू झालं. पहाटे उठते, माह्यं अंगण झाडते, शेजारीणचं झाडते, समोरच्या दवाखान्याचं झाडून येते. दुपारी बसवलं तं पाय थरथर हालतात. काल रडली. म्हणे, बसली की जीव घाबरते."

आम्ही बाहेर आलो. ते दोघं तसेच होते, एक उभा, एक बसलेली, मध्ये अंगण. सरांनी विनवणी केली नाही, रागावले नाहीत, घर कसं चाललंय ते सांगितलं नाही. त्यांनी फक्त ऊन कुठवर आलं ते पाहिलं आणि कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, "चहाची येळ झाली."

आणि काकू उभ्या होत्या. कधी उठल्या ते मला दिसलं नाही, बहिणीला दिसलं नाही, आणि मला वाटतं, त्यांना स्वतःलाही कळलं नाही. आत भांडं वाजलं, गॅस पेटल्याचा आवाज आला. चहा घेऊन त्या अंगणात आल्या, सरांना कप दिला आणि शेजारी हात पुढे करून उभ्या राहिल्या. सरांनी रस्त्याकडे बघत चहा संपवला. कप परत हातात आला तेव्हा काकूंनी त्या कपाकडे पाहिलं, मग खुर्चीकडे, मग माझ्याकडे. मी मान हलवली, जोरजोरात, नाही म्हणून. बसा, काकू. खाली बसा.

"पिशवी घेऊन येतो," त्या म्हणाल्या.

बहीण ओरडली, "अवो बाई, काहून? काहून चालली तू?"

"मले जमत नाही वो बसणं," काकू म्हणाल्या. "तुले राग येऊ देऊ नको."

सर हौद्यात चढले. चढताना माझ्याकडे बघून म्हणाले, "पाह्यलं?" त्यांच्या आवाजात जिंकल्याचा भावसुद्धा नव्हता, पाइपाचं तोंड कसं फिरवायचं ते दाखवावं तसं साधं म्हणाले. पुढच्याच महिन्यात मी ती नोकरी सोडली, पण सोडायचं ठरलं ते त्या क्षणी. त्या माणसाने मला पळायला शिकवलं, हातात काम दिलं, हे मला मान्य आहे. तरी मी त्यांना माफ केलेलं नाही, आणि करायचा विचारही नाही.

काकू केबिनमध्ये माझ्या शेजारी बसल्या, मांडीवर पिशवी. वरून सरांनी टपावर दोन थापा मारल्या, चल म्हणून. हायवे सोडून आम्ही यवतमाळच्या रस्त्याला लागलो. काकूंच्या दोन्ही टाचा गाडीच्या तळावर खालीवर, खालीवर होत होत्या. मी म्हटलं, निदान आता तरी पाय वर घ्या, सीटवर घ्या, ते मागे आहेत, त्यांना दिसत नाही. त्यांनी पाय वर घेतले नाहीत.

"पोरी," मग म्हणाल्या, "मी मनात पक्कं करून ठेवलं होतं. यायनं चल म्हटलं असतं ना, तं मी नसती आली. हात जोडले असते तरी नसती आली."

"मग आलात कशाला, काकू?"

"यायनं चल म्हटलंच नाही."